थेंबही न गळणारा तळ

मी ट्रॉली बोलतेय. सकाळी भाईंदर पूर्वेच्या बाजारात एका पांढऱ्या गाडीच्या मागे डुलत डुलत शिरते ना, तीच मी. माझ्या वासाने तुम्ही कधी नाकाला रुमाल लावला असेल, तर आपली ओळख झालेलीच आहे. आता पुन्हा लाजायचं कारण नाही.

मी काही कंपनीतून आलेली नाही. काशीमीऱ्याला हायवेच्या कडेला, एका हॉटेलच्या मागे जितेंद्रचं गॅरेज आहे, तिथे माझा जन्म झाला. तोही एकदम नाही, रविवारी रविवारी, थोडा थोडा. चाकं आणि एक्सल भंगारात निघालेल्या एका छोट्या गाडीचे. अंगातली हाडं, म्हणजे लोखंडी अँगल, एका सोफ्याच्या दुकानाच्या बोर्डाचे. माझ्या डाव्या कुशीवर अजून पिवळ्या रंगातला ‘सो’ दिसतो. कितीदा रंग मारला, तरी तो मेला वर येतोच.

मला घडवणारा साहिल. हा स्वतःची गाडी भाड्याने चालवतो, कुणाला विमानतळावर सोड, कुणाला ऑफिसला ने. त्याची आई सुगंधाबाई मासळी विकते. पहाटे उत्तनजवळच्या पालीला जायचं, बोटी लागल्या की लिलावात मासळी घ्यायची आणि ती भाईंदर पूर्वेला आणून बाजारात बसायचं, हा तिचा कित्येक वर्षांचा धंदा. पण मासळी आणायची कशी, तिथेच सगळं घोडं अडायचं. बसमध्ये टोपली चढवली की कंडक्टरपासून शेवटच्या सीटपर्यंत सगळ्यांची तोंडं वाकडी. ताटात पापलेट हवं, पण शेजारी बसलेलं चालत नाही, अशी ही माणसांची तऱ्हा. रिक्षावाले तर लांबूनच हात हलवायचे, “मच्छी नहीं, मौसी.” मुलाच्या गाडीत घालावी, तर दुपारी त्याच गाडीत कडक इस्त्रीचा साहेब बसणार. एकदा घातली होती म्हणे. त्या साहेबाने साहिलला एकच स्टार दिला आणि वर काय काय लिहिलं ते साहिलने आईला वाचून दाखवलं नाही.

त्यात सुगंधाबाईचा गुडघा कुरकुरायला लागला. तेव्हा साहिलने मनावर घेतलं. मासळी मागे ट्रॉलीत, गाडी आतून स्वच्छ, आणि आई पुढे आरामात बसलेली. आरटीओचे कागद झाले, मागचे दिवे लागले, नंबरपाटी बसली, गाडीला हूक बसलं. सगळं झालं आणि मी भाईंदरला त्यांच्या बिल्डिंगखाली येऊन उभी राहिले. फक्त मला तळ नव्हता.

बिनतळाची ट्रॉली म्हणजे काय, ते तुम्हाला नाही कळायचं. पोरं माझ्या अँगलमधून आरपार उड्या मारायची. कुणी माझ्यावर गादी वाळत घालायचं. पहिल्या मजल्यावरच्या एका बाईने तर विचारलं, “ही शिडी कुणाची आहे हो?” तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग माझ्यासाठी तळ बघायला सुरुवात झाली. मुलीसाठी स्थळं बघतात तशीच गत. प्रत्येकाच्या खिशात एक स्थळ, आणि प्रत्येकाचं आपलंच चांगलं.

जितेंद्रने आणलं ते चेकर प्लेटचं. बसच्या पायरीवर उठावाच्या नक्षीचा जाड पत्रा असतो ना, तो. “चेकर प्लेट डाल दे साहिल, जिंदगीभर का टेंशन खतम,” तो म्हणाला. साहिलला ते पटलं होतं. पण सुगंधाबाईने त्या पत्र्यावर हात ठेवला, तो उन्हात पडलेला होता, आणि चटकन मागे घेतला. “ह्यावर बर्फ ठेवू का पापड भाजू?” ती म्हणाली. ते स्थळ तिथेच थांबलं.

दुसरं आणलं मिनलने. मिनल म्हणजे साहिलची बायको. मीरा रोडला एका दवाखान्यात रिसेप्शनला असते, आणि मोबाइलवर दोन व्हिडिओ बघून जगातल्या कुठल्याही गोष्टीवर मत देते. पण मनाने सोन्यासारखी हो. ती म्हणाली, “मरीन प्लाय टाका ना. हलकं असतं, पेट्रोल कमी जाईल.” बोलणं खोटं नव्हतं. पण जितेंद्रकडे एका टेम्पोतून काढलेला प्लायचा तुकडा पडला होता. मासळीच्या पाण्याने त्याच्या कडेचे थर सुटून तो चहात बुडवलेल्या खारीसारखा झाला होता. ते कुठलं प्लाय होतं कोण जाणे, पण तो तुकडा बघून मिनलने प्लायचं नाव सोडलं.

“मग फायबरची शीट टाकू,” साहिल म्हणाला. “गंज नाही, सडणं नाही. आता बोटीसुद्धा सगळ्या फायबरच्याच.” बोलून गेला आणि त्याने जीभ चावली, कारण बिल्डिंगच्या जिन्यापाशी त्याचे वडील उभे होते.

हे राघोबाबा. तरुणपणी रायगडच्या किनाऱ्यावरून आले आणि पालीला लाकडी होड्या बांधायला लागले. चांगलं नाव होतं त्यांचं. मग फायबरच्या बोटी आल्या. बोटवाल्यांचाही दोष नाही, लाकडाची दरवर्षीची डागडुजी कुणाला परवडते? आधी नव्या होड्यांचं काम बंद झालं, मग दुरुस्तीचंही. राघोबाबांनी हत्यारांची पेटी पलंगाखाली सरकवली आणि गॅलरीत खुर्ची टाकली. दारू नाही, चिडचिड नाही, काही नाही. फक्त बोलणं बंद झालं. जेवताना “भात वाढू?” तर “हं.” “कालवण?” तर “हं.” तेवढ्यावर दिवस जायचा.

घरातलं मला कसं ठाऊक म्हणाल, तर बायका बोलायला माझ्याच कडेला टेकतात. ट्रॉलीसमोर कोण आवाज खाली करणार? सुगंधाबाई एकदा सुनेला म्हणाली, “घरात मानूस हाय, आनी न्हाय पन. असं किती दिस चालायचं गं?” मिनलने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

तर फायबरचं नाव ऐकून राघोबाबा जिना चढून वर गेले. साहिलला इतकं वाईट वाटलं की तो त्या रविवारी काशीमीऱ्याला गेलाच नाही.

आणि मग एका सकाळी राघोबाबाच खाली आले. हातात मोजायची दोरी, कानाला पेन्सिल. माझ्याभोवती एक चक्कर मारली, वाकून माझे अँगल चाचपले, एका कोपऱ्यावर अंगठा दाबून बघितला. मग गॅलरीकडे तोंड करून म्हणाले, “साहिल, तळ मी घालनार.”

साहिल कधी नव्हे तो जिन्यावरून धावत आला. “बाबा, तुम्ही घाला. तुम्हीच घाला.”

पालीच्या किनाऱ्यावर एक जुनी होडी मोडत होते. राघोबाबांनीच बांधलेली. मालकाने फळ्या आनंदाने दिल्या, “न्या राघोबा, तुमच्याच हातच्या हायत.” साग तो, इतकी वर्षं खारं पाणी पिऊन आणखी चिवट झालेला. पलंगाखालची पेटी बाहेर आली. बिल्डिंगखाली रंधा सुरू झाला. सोसायटीचे सेक्रेटरी काशीनाथराव आवाजाची तक्रार करायला म्हणून आले आणि खुर्ची मागवून बघतच बसले.

माझं काय सांगू? फळीला फळी अशी भिडवली की मध्ये नख शिरेना. सांध्यांत तेलात भिजवलेला सुताचा पेड ठोकून ठोकून बसवला, वरून कढत राळ आणि तेल ओतलं. चारी बाजूंनी वीतभर उंच कड उभी केली, तिचेही सांधे तसेच बुजवले. तो वास, तो ठोक्यांचा आवाज, आणि त्या म्हाताऱ्या हातांचा स्पर्श. काम करताना ते बोलायचे. आधी माझ्याशी, मग काशीनाथरावांशी, मग येणाऱ्याजाणाऱ्याशी. हा साग कुठला, ऐनाचं लाकूड कुठे चालतं, फणसाची फळी कुठे घालू नये. ऐकणारा कंटाळला तरी ह्यांचं चालूच.

एका संध्याकाळी सुगंधाबाई माझ्या कडेला टेकली आणि मिनलला म्हणाली, “काल जेवताना बोलले गं. लाकडाबद्दल कायतरी बोलले. मना त्यातलं काय कळलं न्हाय, पन मी दोन भाकऱ्या जास्त केल्या.” म्हणताना हसली, आणि पदराने डोळे पुसले.

तळ पुरा झाला तेव्हा राघोबाबांनी नळाची पाइप मागवली. नवी होडी पाण्यात ढकलण्याआधी किनाऱ्यावरच तिच्यात पाणी भरून बघतात, कुठे गळतेय का. तसं त्यांनी मला काठोकाठ भरलं आणि रात्रभर तशीच उभी ठेवली. सकाळी सगळे खाली जमले. माझ्याखालची फरशी खडखडीत कोरडी. एक थेंब नाही. काशीनाथरावांनी फोटो काढला, मिनलने तो घरच्या ग्रुपवर टाकला, सुगंधाबाईने नारळ फोडला. राघोबाबा बाजूला उभे होते आणि त्यांना हसू आवरत नव्हतं.

एवढी शहाणी माणसं जमली होती, पण एकालाही वाटलं नाही की अरे, ही काय समुद्रात जाणार आहे? होडीत पाणी बाहेरून येतं, ते अडवायचं असतं. माझ्यात पाणी आतच होणार होतं, आणि त्याला जायला वाट हवी होती. पण आयुष्यभर ज्याने भोकं बुजवली, त्याच्या मनात भोक ठेवायचं कुठून येणार? आणि बाकीच्यांना तर त्याचं हसणं बघूनच पोट भरलं होतं.

पहिल्याच दिवशी कळलं. पालीला मासळीचे क्रेट चढले, वर बर्फाचा चुरा. उत्तन मागे पडेपर्यंत बर्फ सुटायला लागला. ते पाणी क्रेटच्या जाळीतून माझ्या तळावर आलं आणि तिथेच राहिलं. जाणार कुठे? साहिलने ब्रेक मारला की सगळं पाणी पुढे, गाडी सुटली की सगळं मागे. मागे गेलं की माझं तोंड वर उचलायचं आणि हूक कुरकुरायचं. भाईंदरला पोचेपर्यंत खालचे क्रेट त्या घाण पाण्यात बसलेले. बोंबील तर विचारूच नका. पापलेटं नरम पडलेली, डोळे पांढरे.

सुगंधाबाईने एक पापलेट अंगठ्याने दाबून बघितलं, मग दुसरं. साहिलकडे बघितलं. “बापाला यातलं काय बोलायचं न्हाय,” एवढंच म्हणाली.

त्या दिवशी खालच्या क्रेटमधली मासळी तिने विकली नाही, फेकून दिली. घरी राघोबाबा वाट बघत होते. “कसा हाय तळ?” “लय भारी,” ती म्हणाली. “सगळी बाजारातली मानसं विचारत होती, कोनी केला म्हनून.” ते खरंही होतं. लोक विचारत होतेच.

दुसऱ्या दिवसापासून गाडीत रंगाचा एक रिकामा डबा आला. मुर्ध्याच्या आसपास रस्त्याला जरा कडेला जागा आहे, तिथे साहिल गाडी लावायचा, आणि ही बाई, तो कुरकुरणारा गुडघा घेऊन, माझ्या कडेला वाकून डब्याने पाणी उपसायची. साहिल म्हणायचा, “आई, मी करतो.” तर म्हणायची, “तू क्रेट धर.” उपसून झालं तरी कोपऱ्यात पाणी राहायचंच, आणि पुढच्या सिग्नलपर्यंत पुन्हा साचायचं.

मासळीच्या धंद्यात जीभ फार लवकर फिरते. ज्या बायका वर्षानुवर्षं डोळे झाकून सुगंधाबाईकडून घ्यायच्या, त्या आता कल्ले उघडून बघायला लागल्या. एक जण तिच्यासमोरच म्हणाली, “काय गं सुगंधा, आताशा कालचं आणतेस काय?” सुगंधाबाई उलट बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने नुसतं मासळीवर पाणी शिंपडलं. त्या बाईने शेजारच्या टोपलीतली सुरमई घेतली आणि गेली.

साहिल मात्र भडकला. “आई, नाव जातंय तुझं. जितेंद्रकडे नेतो, हे उखडून चेकर प्लेट टाकून येतो. वर ताडपत्री घालू, तापणार नाही. एका दिवसाचं काम आहे.”

“आनी बापाला काय सांगशील?”

“खरं सांगीन.”

“मग माझ्याशी बोलू नको,” ती म्हणाली. “कधीच.” साहिलने गाडीचा दरवाजा आपटला आणि गाडी सुरू केली.

हे असं किती दिवस चाललं असतं देव जाणे. पण एकदा डोंगरीच्या उतारावर समोरून बस आली, साहिलने कचकन ब्रेक मारला, आणि माझ्यातलं सगळं पाणी पुढच्या कोपऱ्यात धावलं. मी आडवी फिरले. मुद्दाम नाही हो, मला काय हौस? माझी कड बाजूच्या कठड्याला घासली, वरचा क्रेट रस्त्यावर पडला, बांगडे इकडे तिकडे. कुणाला लागलं नाही, पण साहिल उतरून आधी मागचा रस्ता बघून आला. मागे एखादी दुचाकी असती तर? त्याने बांगडे उचलता उचलता आईला सांगून टाकलं, “रविवारी मी हे काढणार. बाबांना ग्रीसिंगला नेतोय म्हणून सांग, काय वाटेल ते सांग.” ह्या वेळी सुगंधाबाई नाही म्हणू शकली नाही.

त्या रात्री मला झोप... नाही, ट्रॉलीला झोप नसते. पण रविवार उजाडूच नये असं वाटत होतं, हे खरं. पत्र्याशी माझं वैर नाही. पण तो माणूस वर बसून पुन्हा “हं, हं” करायला लागेल, हे मला दिसत होतं.

शनिवारी राघोबाबा कुणाला न सांगता पालीला गेले. पुष्कळ दिवसांनी. तिथल्या जुन्या दोस्तांना सांगायला की बघा, तुमच्या होडीच्या फळ्या आता रोज बंदरावर येतात. पण बस उशिरा पोचली, आम्ही निघून गेलो होतो. ते दोस्तांना भेटले, चहा प्याले आणि पुढच्या बसने परत फिरले. त्याच दिवशी साहिलचं टायर पंक्चर झालं आणि आम्ही मुर्ध्याला खोळंबलो. टायर बदलून झालं, सुगंधाबाई माझ्या कडेला वाकून डब्याने पाणी उपसत होती, आणि शेजारून बस गेली. बसच्या खिडकीत राघोबाबा होते.

होडी बांधणाऱ्याला उपसणारं माणूस दिसलं की त्याला एकच कळतं. ते पुढच्या थांब्यावर उतरले आणि उन्हातून चालत मागे आले. येताना घामाने भिजले होते, चेहरा उतरलेला. रस्त्यावर बसले, माझ्या खाली हात घातला, एकेक सांधा बोटांनी चाचपला. सगळं कोरडं. त्यांना काही उमगेना.

“खालून तर सुकी हाय,” ते म्हणाले. “मग कुठून गळतंय?”

सुगंधाबाईच्या हातात डबा तसाच. “गळत न्हाय,” ती म्हणाली. “गळत न्हाय, तोच तर तरास हाय.”

मग राघोबाबा उठले. माझ्या कडेवरून आत बघितलं. कोपऱ्यात साचलेलं गढूळ पाणी, त्यात बसलेला क्रेट. त्यांनी त्यातलं एक पापलेट उचललं, अंगठ्याने दाबलं. मासळीतलं त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी पापलेट परत ठेवलं. साहिल म्हणाला, “बाबा, मी उद्या...”

“बाजारात जा,” राघोबाबा म्हणाले. “मासळी थांबत न्हाय.”

सुगंधाबाईला बाजारात सोडलं. तिथून घरी. राघोबाबा खाली उतरून जिना चढायला लागले तेव्हा साहिलला आणि मला एकच भीती वाटली, की आता हे खुर्चीत बसणार. पण ते लगेच खाली आले, खांद्यावर हत्यारांची पेटी. “उद्या काय करनार होतास?” त्यांनी विचारलं. साहिलने मान खाली घालून सांगितलं. “चल तिथंच,” ते म्हणाले.

काशीमीऱ्याला जितेंद्रच्या गॅरेजमध्ये चेकर प्लेट कापून भिंतीला टेकवून ठेवलेली होती. राघोबाबांनी ती बघितली, वाकून हाताने उचलून वजन बघितलं, आणि परत टेकवली. जितेंद्र ग्राइंडर लावायला गेला. “रुक,” ते म्हणाले. त्यांनी पेटी उघडली आणि गिरमिट बाहेर काढलं. गिरमिट म्हणजे हाताने फिरवून भोक पाडायचं जुनं हत्यार.

त्यांनी जॅक लावून माझं पुढचं अंग उचललं, पाणी मागच्या कोपऱ्यात कुठे जमतंय ते नीट बघितलं, आणि तिथे पेन्सिलने खूण केली. गिरमिटाचं टोक खुणेवर ठेवलं. आणि हात थांबला.

जितेंद्र म्हणाला, “चाचा, ड्रिल मशीन से कर दूँ? एक सेकंद का काम है.”

“नको,” ते म्हणाले. मग साहिलकडे न बघता बोलले, “लोकांची पोरं समुद्रात जायची रं. तळ निब्बर पायजे. एवढंच शिकलो मी.” साहिल त्यांच्या शेजारी उकिडवा बसला. त्याने बापाच्या मुठीवर आपली मूठ ठेवली. राघोबाबांनी ती झटकली नाही. मग दोघांनी मिळून गिरमिट फिरवलं. सागाचा लालसर भुसा वर आला, आणि मग खालून पाणी धो धो निघालं. गॅरेजची जमीन ओली झाली, जितेंद्रने पाय वर घेतले.

मला दुखलं का, असं विचाराल. दुखलं. पण त्या साचलेल्या पाण्याचं ओझं उतरलं, तसं माझं मलाच हलकं वाटलं. मग त्यांनी आणखी भोकं पाडली, मागे दोन्ही कोपऱ्यांत, मध्ये एक. भोकांत पाइपचे तुकडे बसवले, म्हणजे लाकडाची कड सडू नये. फळ्यांवरून बारीक पन्हळ काढले भोकांकडे जाणारे. क्रेट पाण्याच्या वर राहावे म्हणून आडव्या पट्ट्या ठोकल्या. जितेंद्र म्हणाला, “चाचा, प्लेट का क्या करूँ?” राघोबाबा पट्टी ठोकता ठोकता म्हणाले, “दुसऱ्या कुनाला घाल.”

संध्याकाळी सुगंधाबाई बाजारातून आली. राघोबाबा खाली माझ्या कडेवर बसले होते. तिने वाकून भोकं बघितली, एकात बोट घालून बघितलं.

“मना का न्हाय सांगितलंस?” त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. “तुझी एवढी मासळी गेली. बाजारात नाव गेलं. उपसत बसलीस रस्त्यावर. मी काय परका हाय?”

ती त्यांच्या शेजारी माझ्यावर बसली. दोघांचं वजन मला काय जड होतं?

“तुमी बोलायला लागलावता,” ती म्हणाली. “जेवताना. इतकी वर्सं मी एकटीच बोलत व्हते त्या घरात. मासळी काय, दुसरी गावंल. मना भ्या वाटलं, तुमी परत गप बसाल.” आणि मग ती रडली. इतक्या दिवसांचं साचलेलं सगळं बाहेर आलं. राघोबाबांना बायकोला कसं गप्प करायचं ते ठाऊक नव्हतं. त्यांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, तो दुखरा होता म्हणून लगेच उचलला, आणि दुसऱ्या गुडघ्यावर ठेवला. ते बघून ती रडता रडताच हसली.

“मी न्हाय गप बसनार,” ते म्हणाले. “पन तू असं एकटीनं उपसत जाऊ नको, सुगंधा.”

आता माझं बरं चाललंय. सोफ्यातला ‘सो’ आहे, कठड्याला घासलेली कड आहे, आणि तळाला भोकं आहेत. सुगंधाबाईच्या मासळीचे डोळे पुन्हा चकाकतात. कल्ले बघणाऱ्या बायका अजून बघतात, सवय लागली म्हणून, पण घेतात. पुढच्या सीटवर आता राघोबाबा बसतात, सुगंधाबाई मागे पाय पसरून. रस्ताभर म्हाताऱ्याचं तोंड चालू असतं. कुठला पूल कसा बांधला, ह्या ड्रायव्हरला वळण घेता येत नाही, बांगडा आज महाग का. साहिल कधी कधी वैतागतो आणि गाणी लावतो. त्यावरही ते बोलतात.

एकच मागणं आहे तुमच्याकडे. माझ्या मागून दुचाकीवर येत असाल, तर जरा अंतर ठेवा. माझ्यातून पाणी गळतं. अंगावर थेंब उडाले तर रागावू नका, नुसतं बर्फाचं पाणी आहे ते. बरेच जण हॉर्न वाजवत बाजूला येतात आणि सांगतात, “काका, ट्रॉली गळतेय तुमची.” राघोबाबा खिडकीतून मान बाहेर काढतात. ज्या माणसाने जन्मात कधी थेंब गळू दिला नाही, तो तिथून खुशाल सांगतो, “गळू दे रं बाबा. मीच पाडलीत भोकं.”